रेशनची वही ते लाल पुस्तक : व्हिएतनाममधले काही दिवस

रविवार, हनोई

व्हिएतनामला निघाले म्हणताच नात्यातल्या निम्म्या मंडळींनी मला तोच तो व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवला. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामी नेत्याने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यातून धडे घेतले, आपल्या थडग्यावर ‘महाराजांचा मावळा’ असं लिहवून घेतलं, वगैरे. याला कसलाही पुरावा नाही, आणि महाराजांना मोठं करायला हनोईच्या दाखल्याची गरजही नाही. माझं काम वेगळंच होतं. उभी नोकरी जिल्हा बँकेच्या शेती कर्ज विभागात गेली, म्हणजे गावोगावच्या विकास सोसायट्यांची दप्तरं तपासण्यात. सहकार वरून लादला की त्याचं काय होतं आणि खालून उगवला की काय होतं, दोन्ही पाहिलंय. व्हिएतनामने उत्तरेतली जवळजवळ सगळी शेती सहकारी करून पाहिली आणि मग टप्प्याटप्प्याने ती परत घराघरांत वाटली. ही उलटी वाट ते कसे चालले ते बघायचं होतं. भाची सायगावला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिला तिथली भाषा बऱ्यापैकी येते. “आत्या, हिशेबाच्या वह्या बघायला इथे येणारी तू पहिलीच,” म्हणाली आणि रजा टाकून हनोईला येऊन थांबली.

डिसेंबरात हनोईत स्वेटर लागतो. दुपारी होआन किएम तळ्याला एक चक्कर मारून त्याच्या कोपऱ्यावरच्या त्रांग तिएन प्लाझापाशी आलो. फ्रेंचांनी १९०१ साली इथे मोठं दुकान काढलं होतं. १९६० पासून ते सरकारी सर्ववस्तू भांडार झालं, हनोईतलं सगळ्यात मोठं. त्या काळी काचेत मांडलेल्या वस्तूंवर ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ अशी पाटी असे. आता त्याच जागी परदेशी पर्सा आणि घड्याळं आहेत. मी काचेला नाक लावून पर्सची किंमत शोधली, कुठेच लिहिलेली नव्हती. पूर्वी भाव ठरलेले असत आणि माल नसे. आता माल आहे, भाव आत जाऊन विचारायचा. आम्ही आत गेलो नाही. त्याच रस्त्यावर १९५८ पासूनचं आइसक्रीमचं दुकान आहे, तिथे रांगेत उभं राहून कोवळ्या हिरव्या भाताच्या चवीची कांडी खाल्ली. हनोईकर आजही या एका गोष्टीसाठी हौसेने रांग लावतात.

दोन गल्ल्या पलीकडे तोन दान नावाचा रस्ता आहे. आज तिथे बघण्यासारखं काही नाही, पण रेशनच्या काळात वरच्या हुद्द्याच्या साहेबांचं खास दुकान तिथे होतं. त्यावर हनोईत एक चारोळी फिरायची, भाचीच्या ऑफिसातल्या पोरांनाही ती पाठ आहे. तिचा अर्थ असा : तोन दान हा राजे-सरदारांचा बाजार, न्या थो हा मधल्या फळीतल्या खुशमस्कऱ्यांचा, दोंग स्वान व्यापाऱ्यांचा आणि फुटपाथ हा वीर जनतेचा. समतेच्या राज्यात मांसाचे कूपनसुद्धा हुद्द्याप्रमाणे अ, ब, क, ड असे होते, ही माहिती मला या चारोळीमुळे मिळाली.

सोमवार, हनोई

आज सकाळी एका सरकारी वसाहतीत गेलो. सोव्हिएत धाटणीच्या चार-पाच मजली इमारती, रंग उडालेल्या, आणि प्रत्येक गॅलरीबाहेर लोखंडी सांगाडा काढून हवेत उभी केलेली एक जादा खोली. या खोल्यांना इथे ‘वाघाचे पिंजरे’ म्हणतात. एकालाही परवानगी नाही आणि पाडायलाही सहसा कोणी येत नाही. मुंबईच्या चाळीतला माणूस इथे आला तर त्याला एका मिनिटात घरच्यासारखं वाटेल.

भाचीच्या मैत्रिणीची आजी तिसऱ्या मजल्यावर राहते. निवृत्त शिक्षिका. भाची तिला ‘बा’ म्हणत होती, म्हणजे आजी. इथेही परक्याला नात्यानेच हाक मारायची पद्धत आहे. आजींनी चहा दिला आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तांदळाची वही काढली. आपल्या जुन्या रेशनकार्डाएवढी. पानांच्या कडा तेलकट पिवळ्या झालेल्या, आत हाताने आखलेले रकाने : महिना, किती किलो, उचल केल्याची सही. एका पानावर दोन वेगवेगळ्या शाया होत्या. मी बोट ठेवलं तशी आजी हसल्या. दुकानातला तांदूळ अर्ध्यावर संपायचा, मग उरलेला आठवड्याने. कुणी तोंड पाडून बसलं की हनोईत अजून विचारतात, तांदळाची वही हरवली का?

शिक्षकाला महिन्याला १३ किलो धान्य मिळायचं. त्यातला तांदूळ थोडा, उरलेल्याच्या जागी पीठ, बटाटे नाहीतर ‘बो बो’. हे ज्वारीच्या जातीचं टणक धान्य, जे कितीही शिजवलं तरी दाताखाली लागायचं. मी लगेच म्हटलं, मिलो! १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली ती अमेरिकेची लाल ज्वारी आमच्या घरीही आली होती आणि आईने तिच्या भाकऱ्या थापताना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाचीला हे भाषांतर करताना मजा आली. आमचा मिलो दुष्काळाबरोबर गेला, आजींचा बो बो मात्र पुढे कित्येक वर्षं टिकला, आणि तोही पावसाने दगा दिलेला नसताना.

रांगेत पहाटे तीनला जाऊन आपल्या नावाची वीट ठेवायची, ही गोष्ट मी वाचलेली होती. आजींच्या सांगण्यात एक भर होती : विटेवर नाव लिहिलं तरी लोक वीट हलवायचे, म्हणून त्या फुटलेली चप्पल ठेवत, दुसऱ्याच्या चपलेला हात लावायला लोक कचरतात. सरकारी खानावळीत मांसाशिवाय मिळणाऱ्या फोला (म्हणजे नूडल्सच्या सूपला) लोक ‘वैमानिक नसलेला फो’ म्हणत, कारण त्याच दिवसांत अमेरिकेची बिनमाणसांची टेहळणी विमानं डोक्यावरून जात. आणि डुक्कर. याच इमारतीत वरच्या मजल्यांवर, न्हाणीघरात, लोक डुकरं पाळत. प्राध्यापक डुक्कर पोसतो की डुक्कर प्राध्यापकाला, हा त्या काळचा गाजलेला विनोद. पगारावर आठवडाही निघत नसे.

सप्टेंबर १९८५ मध्ये सरकारने नोटा बदलल्या. जुने १० डोंग दिले की नवा १. (नोटाबदलाच्या रांगांबद्दल आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.) त्याच सुमारास भाव आणि पगार दोन्ही वाढवले, माल मात्र तेवढाच राहिला. १९८६ साली महागाईचा वार्षिक दर ७०० टक्क्यांच्या वर गेला. त्या वर्षीच्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षाचं सहावं अधिवेशन झालं, न्गुएन वान लिन सरचिटणीस झाले आणि ‘दोई मोई’, म्हणजे नव्याने मांडामांड, असं धोरण जाहीर झालं. पुस्तकात इथे प्रकरण बदलतं.

मी आजींना विचारलं, मग लगेच फरक पडला का? त्या म्हणाल्या, छे, पुढची दोन वर्षं आणखी वाईट गेली. बाजारात पाहिजे तेवढा तांदूळ दिसला तो १९८९ मध्ये. पण आपण स्वतः १९८२ पासूनच संध्याकाळी शाळेच्या कोपऱ्यावर चहा आणि शेंगदाण्याच्या वड्या विकत होतो. परवानगी होती का? “शिपाई आला की टोपली उचलायची. तो गेला की ठेवायची. त्याची बायको पुढच्या चौकात सिगारेटी विकायची.”

मंगळवार, विन येन

हनोईहून लाओ कायकडे जाणाऱ्या मार्गावर दीडेक तासावर विन येन. काल-परवापर्यंत विन फुक या प्रांताचं हे मुख्य ठिकाण होतं. १ जुलै २०२५ ला सरकारने ६३ चे ३४ प्रांत केले, तेव्हा ते फु थो मध्ये गेलं. वाटेत फुक येन लागतं. होंडा आणि टोयोटा यांचे कारखाने तिथे नव्वदच्या दशकापासून आहेत, आणि व्हिएतनाममधल्या फुटपाथवर जी काही दुचाक्यांची गर्दी आहे तिचा उगम बराचसा इथला. मला मात्र विन येनमधला एक रस्ता बघायचा होता, किम न्गोक यांच्या नावाचा. रस्ता साधाच आहे. मोबाइलची दुकानं, एक दवाखाना, नूडल्सची गाडी.

किम न्गोक हे युद्धाच्या काळात या प्रांताचे पक्षसचिव होते. तरणी माणसं आघाडीवर, शेतात बायका आणि म्हातारे. सकाळी घंटा वाजली की सहकारी शेतावर जायचं, संध्याकाळी हजेरीचे गुण लिहून घ्यायचे. भात किती पिकला याचा त्या गुणांशी संबंध नाही. आपल्याकडे म्हण आहे, बारभाईची खेती, काय लागेल हाती. त्यांच्याकडेही आहे : सामाईक बापासाठी कुणी रडत नाही. गंमत अशी की, सहकारी संस्थेने प्रत्येक घराला परसबागेसाठी म्हणून जमिनीचे ५ टक्के ठेवू दिले होते, आणि त्या तुकड्यांवर भाजी, डुकरं, कोंबड्या अशी काही बरकत असे की घरखर्चाचा मोठा वाटा त्यातूनच निघे. माणसं तीच, माती तीच. किम न्गोक यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये प्रांतिक समितीचा ६८ क्रमांकाचा ठराव करून घेतला : सहकारी संस्था राहील, पण शेत घराला करारावर द्यायचं, ठरलेला वाटा संस्थेला, वरचं घराचं. उत्पादन वाढलं. १९६८ मध्ये पक्षाचे मोठे तत्त्वज्ञ त्रुओंग चिन यांनी जाहीर टीका केली, करार बंद पाडले गेले आणि किम न्गोक यांना आपली ‘चूक’ लेखी कबूल करावी लागली. १९७९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचे सन्मान, पदकं, रस्ते सगळं नंतरचं.

पण किम न्गोक गेले तरी करार गेले नव्हते. १९८० च्या आसपास हायफाँगजवळच्या दोआन सा सारख्या गावांनी गुपचूप शेतं वाटून घेतली. वरच्यांना कळलं, आणि या वेळी त्यांनी डोळेझाक केली. जानेवारी १९८१ मध्ये केंद्रीय सचिवालयाचा १०० क्रमांकाचा आदेश निघाला, ज्याने तीच गोष्ट अर्धीमुर्धी कायदेशीर केली. एप्रिल १९८८ च्या १० क्रमांकाच्या ठरावाने शेतकरी कुटुंब हाच शेतीचा पाया असं मान्य केलं. आणि १९८६ च्या अधिवेशनात सुधारणांचा अहवाल मांडणारे, काही महिन्यांपुरते सरचिटणीस झालेले पुढारी कोण होते? तेच त्रुओंग चिन. मला त्यांचा राग येत नाही. वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर आपलं आयुष्यभराचं म्हणणं बदलणारे पुढारी मी आमच्या जिल्ह्यात एकही पाहिलेले नाहीत.

दुपारी रिक्षावजा गाडी करून येन लाककडे गेलो, किम न्गोक यांचा मूळचा भाग. भात कापून झालेला, वाफ्यांत मका, दुधी, कोबी. एक साठीचे काका पाणी सोडत होते. त्यांच्याकडे किती जमीन? एकराहून कमी, आणि तीही सात ठिकाणी. १९९३ च्या कायद्याने वाटप झालं तेव्हा गावात कुणाचा रुसवा नको म्हणून चांगल्यातली थोडी, हलक्यातली थोडी, जवळची थोडी, लांबची थोडी अशी माणशी मोजून दिली. आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. इथे तर न्यायाच्या नावाखाली तुकडेच वाटले. काकांनी घरून लाल पुस्तक आणून दाखवलं. हा त्यांचा सातबारा. लाल पुठ्ठा, आत नकाशा, क्षेत्र, आणि मुदत. मालकी जनतेची, व्यवस्थापन सरकारचं, वापराचा हक्क यांचा. तो विकता येतो, वारसाला देता येतो, गहाण ठेवून बँकेचं कर्ज मिळतं. मुदत आधी २० वर्षं होती, २०१३ च्या कायद्याने ५० झाली. आमच्या कर्ज विभागात मुदत असलेला सातबारा आला असता तर साहेबांनी फाइल दोनदा परत पाठवली असती. इथे त्यावर देश चाललाय. “मुदत संपली की?” मी विचारलं. “वाढवतील,” काका म्हणाले. “मागच्या खेपेला वाढवली ना.” औद्योगिक वसाहतीसाठी मात्र काढून घेतली तर मोबदला किती, यावर त्यांचा आवाज चढला. जमिनीचे तंटे हाच इथला सगळ्यात मोठा तक्रारीचा विषय आहे. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात. सातातले दोन तुकडे शेजाऱ्याला फुकट कसायला दिलेत.

बुधवार

विमानतळ, विमान, आणि सायगावचा ट्रॅफिक. दिवस असाच गेला. हो चि मिन्ह सिटी हे कागदावर, बोलताना सगळे सायगावच म्हणतात. हनोईतलं स्वेटर बॅगेच्या तळाशी गेलं. भाचीच्या घराखालच्या खानावळीत ‘कोम चाय’, म्हणजे शाकाहारी ताट, ४०,००० डोंगला. रुपयाला तीनशेच्या आतबाहेर डोंग येतात, तेव्हा हिशेब करा. शाकाहाऱ्यांची उपासमार होते म्हणतात ते खोटं आहे; चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथली निम्मी गल्ली शाकाहारी असते.

गुरुवार, सायगाव

शेअर बाजार बघायला गेलो. कालव्याकाठी, दक्षिण व्हिएतनामच्या जुन्या सिनेटची इमारत, पांढरे खांब. २८ जुलै २००० ला इथे पहिला व्यवहार झाला, फक्त दोन कंपन्यांच्या शेअर्सचा, आणि सुरुवातीला बाजार आठवड्यातून तीनच दिवस भरायचा. म्हणजे दोई मोई जाहीर झाल्यावर तेरा-चौदा वर्षांनी. मधल्या काळात काय काय झालं त्याची माळ ओढली तर डिसेंबर १९८७ मध्ये परकी गुंतवणुकीचा कायदा, १९९० मध्ये खासगी कंपन्यांचा, १९९२ पासून सरकारी कंपन्यांची भागविक्री, १९९४ मध्ये अमेरिकेने निर्बंध उठवले, १९९५ मध्ये आसियान, आणि १ जानेवारी २००० पासून असा कंपनी कायदा की परवान्यांच्या भेंडोळ्याऐवजी नोंदणी पुरे. जागतिक व्यापार संघटनेत गेले ते २००७ मध्ये. पोलंड-रशियात बाजार मोकळा करण्याचं काम दोन-तीन वर्षांत उरकलं, आणि रशियात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शेअर बाजार ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव वो वान किएत. १९९१ ते ९७ ते पंतप्रधान होते, पण सायगावकर त्यांची आठवण काढतात ती त्याआधीची. १९७८-७९ मध्ये या शहरात बो बो खायची पाळी आली होती. शंभर किलोमीटरवर मेकाँगचा खोरंभर भात, आणि शेतकरी सरकारला द्यायला तयार नाही, कारण सरकारी भाव बाजाराच्या पाचव्या हिश्श्याएवढा. किएत तेव्हा शहराचे पक्षप्रमुख. त्यांनी अन्न खात्यातल्या बा थी नावाच्या बाईंना गाठलं. बाईंनी बँकेचे, अर्थखात्याचे लोक जमवले, रोख रक्कम घेतली आणि मेकाँगच्या गावांत जाऊन बाजारभावाने तांदूळ उचलला. सरकारी अधिकारी सरकारचाच कायदा मोडून तांदळाची तस्करी करत होते, आणि ते स्वतःला गमतीने तस्करांची टोळीच म्हणवत. पकडलं तर काय, असं कुणी विचारल्यावर, तुम्ही तुरुंगात गेलात तर डबा मी आणून देईन, असं किएत म्हणाल्याचं सांगतात. इकडे याला ‘कुंपण मोडणं’ म्हणत. गिरण्यांनीही मोडलं. सूत नाही, डॉलर नाही, म्हणून कापड परस्पर विकून डॉलर आणि डॉलरने सूत. १९८३ च्या जुलैत हे सगळं करणाऱ्या कारखान्यांच्या संचालकांना घेऊन न्गुएन वान लिन, म्हणजे पुढचे सरचिटणीस, दा लातला गेले. तिथे थंड हवेला आलेल्या त्रुओंग चिन, फाम वान दोंग या ज्येष्ठांपुढे त्यांना बसवलं : तुम्हीच सांगा काय करता ते.

तेव्हा १९८६ चं अधिवेशन म्हणजे आधीच एकत्र नांदणाऱ्या जोडप्याने पोरं झाल्यावर नोंदणी कार्यालयात जाऊन सही करावी तसं. सही महत्त्वाची असते, नाही कोण म्हणतं. पण संसाराची तारीख ती नव्हे.

हे सगळं गोड-गोड लिहिलं तर माझ्यातली तपासनीस मला क्षमा करणार नाही. १९८८-९० मध्ये पतसंस्थांचा सुळसुळाट झाला. या शहरात थान्ह हुओंग नावाच्या अत्तराच्या कारखान्याने महिन्याला, वर्षाला नव्हे, दहा टक्क्यांच्या वर व्याजाने ठेवी गोळा केल्या आणि १९९० मध्ये तो झोपला. त्याच्याबरोबर देशभरच्या हजारो पतसंस्था आडव्या झाल्या. ठेवीदारांत निवृत्तीची रक्कम घेऊन सरकारी नोकरीतून नुकतेच बाहेर काढलेले लोकही होते, कारण १९८९ मध्ये सरकारने एकरकमी पैसे देऊन कामगार कमी करायला सुरुवात केली होती. आपल्याकडच्या बुडालेल्या पतसंस्थांच्या दारातली गर्दी मी पाहिलीय. वयं तीच असतात, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही त्याच. यानंतर व्हिएतनामने घाई केली नाही. १९९३ मध्ये कॅनडातल्या देजार्दँ या सहकारी पतसंस्थांच्या महासंघाच्या नमुन्यावर ‘लोक पतनिधी’ थोड्या गावांत सुरू करून पाहिले, मग वाढवले. हे मला पटलं.

शुक्रवार, सायगाव ते कान थो

बसने मेकाँगकडे. तासाभरात तान आन लागतं, लाँग आन प्रांताचं जुनं मुख्य ठिकाण (हाही आता तै निन्ह प्रांतात विलीन). बसमधून उतरून कॉफी घेण्यापलीकडे आम्ही काही केलं नाही, पण एका बँकवाल्या बाईच्या दृष्टीने हे तीर्थक्षेत्र आहे. १९७९-८० मध्ये इथले पक्षसचिव चिन कान यांनी साधा हिशेब मांडला. साबण, कापड, रॉकेल कूपनवर स्वस्तात दिलं की ते मागच्या दाराने बाजारात जातं, आणि फरक मधला माणूस खातो. त्यापेक्षा माल बाजारभावाने विका आणि सवलतीचा फरक लोकांच्या पगारात रोख घाला. आधी थोड्या वस्तूंवर करून पाहिलं, दुकानांतल्या रांगा संपल्या, तिजोरीत पैसा आला, मग इतर वस्तूंवर. अनुदान थेट खात्यात, ही कल्पना आपल्याकडे आधार-मोबाइलच्या काळात केवढ्या गाजावाजाने आली! १९८५ मध्ये केंद्र सरकारने हेच सगळ्या देशात एकदम करायला घेतलं, नोटाबदलासकट, मालाचा साठा हाताशी नसताना, आणि त्याचा निकाल आजींनी सोमवारी सांगितलाच आहे.

पुढे तान हुओंग येतं. आज महामार्गावरचं एक नाव. तेव्हा इथल्या नाक्याला लोक थरथरत. एका प्रांतातून दुसऱ्यात तांदूळ, मांस, कॉफी न्यायला बंदी. बसमधून सगळ्यांना उतरवून गाठोडी उसकटत. बायका कमरेला मांसाचे तुकडे आणि कॉफीच्या पिशव्या बांधून वर सैल सदरा घालत. आमच्या शेजारच्या सीटवरच्या बाईंना भाचीने विचारलं तर त्या म्हणाल्या, माझी आई दर पंधरवड्याला ‘गरोदर’ असायची. १९८७ मध्ये हे नाके उठले. कुठलाही मोठा सिद्धांत न मांडता, एका हुकमाने. माझ्या मते दोई मोईतला सगळ्यात परिणामकारक निर्णय हाच.

शनिवार, कान थो

पहाटे पाचला होडीने काय रांगच्या तरंगत्या बाजारात. होडीच्या नाकावर उंच बांबू, आणि जे विकायचं ते बांबूला टांगलेलं : भोपळा, अननस, रताळी. लांबूनच कळतं कुठे काय आहे. छायाचित्रात दिसते तेवढी गर्दी आता नसते. पूल झाले, रस्ते झाले, माल ट्रकने जातो. कान थोचा मोठा पूल २०१० चा, त्याआधी फेरीबोटीच्या रांगेत अर्धा दिवस जायचा. निम्म्या होड्या आमच्यासारख्यांना नूडल्स आणि कॉफी विकणाऱ्या होत्या. बाजार वाढला म्हणून हा बाजार बसत चाललाय, याबद्दल हळहळ करणारे सगळे पर्यटक असतात; होडीवाल्या बाईंना पोरांसाठी शहरात खोली हवी होती.

भाताचा खरा सौदा हल्ली पाण्यावर होतच नाही. दुपारी एका गावात पाहिलं. व्यापारी पीक उभं असतानाच विसार देतो, मध्ये दलाल असतो, कापणीचं यंत्र थेट होडीत नाहीतर ट्रकमध्ये भात ओततं. भाव पडला की व्यापारी विसारावर पाणी सोडून गायब. आपल्या द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तरी आकडे बघा. १९८८ मध्ये या देशाने ४ लाख टनांहून जास्त तांदूळ बाहेरून आणला. त्याच एप्रिलात १० क्रमांकाचा ठराव झाला, १९८९ मध्ये भाव मोकळे केले, सरकारी आणि काळ्या बाजारातला डॉलरचा दर एक केला, बँकेचं व्याज महागाईच्या वर नेलं. त्या वर्षी १४ लाख टन तांदूळ निर्यात झाला. बी तेच, पाऊस तोच. २०२४ मध्ये निर्यात सुमारे ९० लाख टन होती.

मात्र देशाच्या एकूण निर्यातीतला ७० टक्क्यांहून जास्त भाग परदेशी कंपन्यांचा आहे. फोन सॅमसंगचे, बूट कुणाचे, चिप्स कुणाच्या. शेतात आणि फुटपाथवर जे सुटलं ते देशी कारखान्यांना तितकं सुटलं नाही. एका बाजूला सरकारी कंपन्या, दुसऱ्या बाजूला परदेशी, मध्ये खासगी माणूस चेपला गेला. मे २०२५ मध्ये पॉलिट ब्युरोने ठराव करून खासगी क्षेत्र हीच अर्थव्यवस्थेची सगळ्यात महत्त्वाची प्रेरक शक्ती असं म्हटलं. एक योगायोग म्हणजे किम न्गोक यांच्या ठरावासारखा त्या ठरावाचाही क्रमांक ६८.

रविवार, सायगाव

परतीचं विमान रात्रीचं. दुपारभर भाचीच्या घराखालच्या खानावळीत बसून राहिले. मालकीणबाईंना भाची ‘को’ म्हणते, आपल्या मावशी-आत्यासारखं. असे घरगुती धंदे या देशात ५० लाखांच्या वर आहेत. आतापर्यंत त्यांचा कर कसा लागायचा? कर खात्याचा माणूस यायचा, अंदाजाने उलाढाल धरायचा, थोडी घासाघीस, आणि महिन्याची ठोक रक्कम ठरायची. जून २०२५ पासून वर्षाला १ अब्ज डोंगच्या वर उलाढाल असणाऱ्या खानावळींना, किराणा दुकानांना कर खात्याला जोडलेल्या यंत्रावर बिल फाडणं सक्तीचं झालं, आणि जानेवारी २०२६ पासून ठोक कर सगळ्यांसाठीच बंद. ज्याने त्याने उलाढाल स्वतः जाहीर करायची. जूनमध्ये कितीतरी दुकानांनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या होत्या. कोंच्या भिंतीवरही कोडचा कागद आहे, पण त्यावर दिनदर्शिका टांगलीय.

मी विचारलं, यंत्र घेतलं का? कों नी मान हलवली. आमची कुठली एवढी उलाढाल, म्हणाल्या. मग भाज्या निवडत दहा मिनिटं बोलल्या : बाजारातली कोथिंबीरवाली पावती देत नाही, टोफूवाला देत नाही, मग खर्च दाखवायचा कशाच्या जोरावर? मुद्दा रास्त आहे. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांनी जीएसटीच्या पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं.

पण सवय जात नाही. मी बसल्या बसल्या ताटं मोजत होते. अकरा ते दोन या वेळात साठ आणि संध्याकाळची तीस धरली तर नव्वद. चाळीस हजारांनी दिवसाचे ३६ लाख डोंग. वर्षाचे, सणाचे दिवस वगळूनही, सव्वा अब्जाच्या घरात. भाचीला मी मराठीतच सांगितलं, पण आकडे बोटांवर मोजले होते आणि कों नी ते पाहिलं. त्यांनी हात पुसले, माझ्यापुढे बर्फाची कॉफी आणून ठेवली आणि भाचीला विचारलं, “तुझी ही आत्या कर खात्यात आहे का?”

“नाही, निवृत्त झालीय. शेतकऱ्यांना कर्ज द्यायची.”

“मग कॉफीचे पैसे घेते,” को म्हणाल्या, आणि रोख घेतले.